हिरव्या तारेचं एकच काम

मी एक हिरवी तार बोलतेय. दीड हात लांब, बाहेरून प्लास्टिकची, आतून तांब्याची. तुमच्या घरातही माझ्या जातीची एखादी असेल, पण तुम्ही तिच्याकडे कधी बघितलं नसेल. लाल तार वीज आणते, काळी तार ती परत नेते. त्या दोघी सदा कामात. माझ्यातून मात्र काहीच वाहत नाही, आणि वाहू नये हेच बरं. माझं काम आयुष्यात एखाद्या वेळीच निघतं. त्या वेळी मी जागेवर नसले, तर माझ्याऐवजी माणसाचं अंग वापरलं जातं.

माझी भीती ही एवढीच आहे. पण ती फार मोठी आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला सांगता येणार नाही. तांबं ओढलं गेलं, बारीक झालं, अंगावर हिरवा रंग चढला आणि भेंडोळं होऊन मी औरंगपुऱ्यातल्या एका इलेक्ट्रिकच्या दुकानात येऊन पडले. शेजारची लाल-काळी भेंडोळी संपायची, नवी यायची. मी तिथंच. गिऱ्हाईक यायचं, लाल-काळी मागायचं. दुकानदार कधीमधी विचारायचा, "हिरवी?"

"ती कशाला? चालतंय की तसंच."

हे वाक्य मी त्या दुकानात इतक्यांदा ऐकलं, की आपण उगाचच जन्माला आलो असं मला वाटायला लागलं होतं.

मग एक दिवस गोकुळ आला. वाळूजच्या कारखान्यात कामाला असलेला, कंपनीचा शर्ट घातलेला, हळू बोलणारा तरुण. दुकानात दोघंच असले तरी मागे उभा राहणारा.

"हिरवी तार पाहिजे. हातभर."

"हातभर हिरवी?" दुकानदार हसला. "कशाला लावता?"

"व्हॉल्व्हचा प्रीअँप बनवतोय. किट मागवलंय. त्यात ही नव्हती."

"काय असतं ते?"

गोकुळचे कान लाल झाले. "माईकचा बारीक आवाज मोठा करतो. जुन्या रेडिओत काचेच्या नळ्या असायच्या ना, पेटणाऱ्या, तसल्या नळ्यांवर चालतो."

"मोबाईलच्या जमान्यात?" दुकानदाराने मला कापलं. "घ्या. हातभर काय, दीड हात घ्या. हिला कोण विचारतंय?"

मी गोकुळच्या खिशात बसले. आपल्याला कोणीतरी मागून घेतलं, याचं मला कोण कौतुक वाटलं होतं!

गोकुळचं घर सिडकोत. दोन खोल्या, मागे थोडी मोकळी जागा. घरात त्याची बायको दीपमाला आणि आई लक्ष्मीबाई. वडील गेल्यावर गोकुळने आईला गंगापूरहून इथं आणलं होतं. गंगापूरकडच्या गावांमध्ये लक्ष्मीबाईशिवाय बारसं होत नसे. पाळणा म्हणायला तिलाच बोलवायचे. एक हात पाळण्याच्या कडेवर ठेवून ती सुरू करायची, आणि शेवटच्या ओळीत बाळाचं नवं नाव गुंफायची. आवाज भरदार. अंगणातली गप्पा मारणारी माणसंही गप्प होत.

तिची एक खोड होती. हात कशावर तरी ठेवल्याशिवाय तिला पाळणा म्हणता येत नसे. पाळणा नसेल तर खाटेची कड, टेबलाचा कोपरा, काहीही. हात रिकामा असला की तिचे शब्द अडायचे. ही खोड लक्षात ठेवा.

दीपमालाला दिवस गेले होते. घरात आनंद होता. त्यातच लक्ष्मीबाईच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, गाठ काढावी लागेल. आवाजाची नस तिथूनच जाते. आम्ही काळजी घेऊ, पण आवाज पहिल्यासारखा राहील अशी हमी देता येणार नाही.

"काढा," लक्ष्मीबाई म्हणाली. "आवाजाचं काय घेऊन बसलात? लई गायले."

घरी आल्यावर ती भाकऱ्या थापताना गुणगुणायची बंद झाली. गोकुळच्या ते लक्षात आलं. अख्ख्या तालुक्याच्या लेकरांना जिने पाळणा म्हटला, तिच्या स्वतःच्या नातवंडाला तो मिळणार नाही, हे त्याला सहन होईना. ऑपरेशनच्या आधी आईचा पाळणा रेकॉर्ड करायचाच, असं त्याने ठरवलं.

"मोबाईलवर घ्या की," दीपमाला म्हणाली.

त्यांनी घेऊन बघितला. लक्ष्मीबाईने आवाज चढवला की मोबाईलमध्ये पत्रा वाजल्यासारखं व्हायचं. गोकुळचा मित्र अभय मांडवाला साऊंड लावायचा. त्याच्या गोडाऊनमध्ये गोकुळने एकदा व्हॉल्व्हमधून आलेला आवाज ऐकला होता. भरीव, शेजारी बसून बोलल्यासारखा. आईचा आवाज तसाच राहिला पाहिजे, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. म्हणून ते किट, आणि म्हणून मी.

घरातल्या फरशीवर वर्तमानपत्र पसरून गोकुळ कामाला बसला. लोखंडी डबा, ट्रान्सफॉर्मर, काचेच्या नळ्या. सोल्डरिंगचा धूर झाला की लक्ष्मीबाई पदर नाकाला लावायची. "ऊद जाळ त्यापेक्षा. वास तरी बरा येईल."

माझं काम त्याने मन लावून केलं. डब्याचा रंग पॉलिश पेपरने खरवडून लोखंड उघडं केलं, दात असलेलं वॉशर घातलं आणि बोल्टाखाली मला घट्ट आवळलं. माझं दुसरं टोक तीन पिनांच्या सॉकेटला. म्हणजे डब्यात कधी चुकून वीज उतरली, तर ती माझ्यातून घराच्या अर्थिंगमध्ये, तिथून जमिनीत जाणार, आणि तेवढ्या धक्क्याने डब्यातला फ्यूज उडणार. डब्याला हात लावायला आता भिऊ नका, असं मला ओरडून सांगावंसं वाटत होतं.

पण दोन गोष्टी चुकल्या. दोन्ही माझ्या डोळ्यांदेखत.

पहिली चूक वाळूजची सवय. कारखान्यात गोकुळ गाड्यांची वायरिंग बसवायचा. गाडीत लोखंडी सांगाडा हाच विजेचा परतीचा रस्ता असतो. जवळ दिसेल तो बोल्ट धरायचा, तिथं तार आवळायची, पुढची गाडी. किटच्या चित्रात आवाजाच्या परतीच्या पांढऱ्या तारा सगळ्या एका जागी आल्या होत्या. गोकुळला ती तारेची नासाडी वाटली. त्याने प्रत्येक पांढरी तार जवळच्या बोल्टाला, डब्याच्या अंगालाच लावून टाकली.

दुसरी चूक नीटनेटकेपणाची. तारा लोंबू नयेत म्हणून त्याने त्या ट्रान्सफॉर्मरच्या कडेला दाबून बसवल्या आणि ट्रान्सफॉर्मरचा बोल्ट पिळला. लाल तारेचा एक वेढा ट्रान्सफॉर्मरच्या पायाखाली चेंगरला. प्लास्टिक फाटलं नाही, फक्त चेपलं. वरून कोणाला दिसणार नाही असं. मी शेजारीच होते, म्हणून मला दिसलं.

बटण दाबलं. नळ्या हळूहळू निखाऱ्यासारख्या झाल्या. दीपमालाने जुना लॅपटॉप जोडला. त्याची बॅटरी मेलेली, चार्जर काढला की बंद. गोकुळने कानाला हेडफोन लावला आणि त्याचा चेहराच पडला.

घूंऽऽऽ.

"भुंगा शिरला का हो आत?" दीपमाला म्हणाली.

लक्ष्मीबाईने हेडफोनला कान लावला. "पिठाची गिरणी आणलीस व्हय रं?"

झालं होतं ते असं. लॅपटॉपच्या चार्जरचीही एक अर्थिंग होती आणि डब्यात मी होते. पांढऱ्या तारा डब्यालाच लावल्यामुळे आवाजाच्या वाटेला जमिनीकडे जायचे दोन रस्ते मिळाले. दोन रस्ते मिळाले की वीज त्यांच्यात गोल गोल फिरत बसते. ते फिरणं म्हणजे ती गिरणी. दोष पांढऱ्या तारांच्या जागेचा होता. पण नळ्या बदलल्या, माईक बदलला, डबा खोलीभर फिरवला, तरी गोकुळला तो सापडेना. ॲडमिट व्हायची तारीख जवळ येत होती.

मग अभय आला. मोठा आवाज, मोठं हसू.

"काय गोकुळशेठ, गिरणीचं उद्घाटन कधी?"

"हम जाईना रे. नुसतं घूं घूं चालूय."

अभयने डब्यात डोकावून पाहिलं आणि थेट माझ्यावर बोट ठेवलं. "ही उडव."

"अर्थिंग?"

"मग? ही काढ, हम गेला समज. माझ्या अख्ख्या सेटला अर्थिंग नाय, राव. इतकी लग्नं वाजवली, मेलं का कोण?"

"अन् डब्याला करंट आला तर?"

"झिणझिण्या येतात जरा. चप्पल घालायची. तुमच्या कूलरला काय करता?"

गोकुळची नजर कूलरकडे गेली. तिथं खरोखरच एक रबरी चपलांचा जोड पडलेला असायचा. उन्हाळाभर कूलरचं बटण दाबायचं तर आधी त्यात पाय घालायचे, असा घराचा नियम होता. या गावात अशी कितीतरी घरं आहेत. करंट मारणारी वस्तू दुरुस्त करत नाहीत, तिच्यापुढे चप्पल ठेवतात.

गोकुळने पाना घेतला. माझा बोल्ट सैल झाला. त्याने माझ्या तोंडावर काळी टेप गुंडाळली आणि मला डब्याच्या कोपऱ्यात दुमडून ठेवलं.

बटण दाबलं. गिरणी बंद. हेडफोनमध्ये खोलीची शांतता ऐकू आली, लांबच्या रिक्षेचा भोंगा ऐकू आला. दीपमालाने टाळी वाजवली. अभय म्हणाला, "चहा तरी पाजा आता." सगळे हसत होते, आणि मी टेपमागे तोंड मिटून लाल तारेकडे बघत होते. नळ्या तापल्या की ट्रान्सफॉर्मर तापायचा. ट्रान्सफॉर्मर तापला की त्याच्या पायाखालचं लाल प्लास्टिक मऊ व्हायचं, आणि तो पाय त्यात आणखी थोडा रुतायचा.

डब्याला हात लावला की बारीक झिणझिण्या येऊ लागल्या होत्या. गोकुळने कूलरपुढचा जोड आणला आणि टेबलापुढे ठेवला.

"आई, गाताना हे पायात घाल," त्याने सांगितलं. लक्ष्मीबाई भाजी निवडत होती. तिने "हं" केलं. पण तिने ऐकलंच नव्हतं.

ॲडमिट व्हायचा दिवस उजाडला. संध्याकाळी दवाखान्यात जायचं होतं. दुपार रेकॉर्डिंगसाठी मोकळी ठेवलेली. लक्ष्मीबाईने न्हाऊन घेतलं. पाळणा म्हणायच्या आधी ती जागा पुसून घ्यायची, ही तिची कायमची रीत. पोट सावरत दीपमाला म्हणाली, "आत्या, मी पुसते." पण ऐकेल तर ती लक्ष्मीबाई कसली! तिने ओल्या फडक्याने टेबलापुढची फरशी पुसली, आणि तिथं तिला तो रबरी जोड दिसला.

"पाळण्यापुढं पायताण?" ती पुटपुटली. "अक्कल नाय पोराला." तिने दोन बोटांनी जोड उचलला आणि दाराबाहेर नेऊन ठेवला.

गोकुळ तेव्हा मागच्या दारी कूलर बंद करायला गेला होता. पंखाही बंद केलेला. दीपमाला लॅपटॉपकडे तोंड करून बसलेली. डबा कधीचा चालू होता, तापलेला. लक्ष्मीबाई माईकपुढे येऊन उभी राहिली. अनवाणी. ओल्या फरशीवर. केसांतून अजून पाणी ठिबकत होतं.

तिने हातासाठी जागा शोधली. टेबलावर लॅपटॉप, वायरी, माईकचा स्टँड. रिकामी कड अशी एकच होती, माझ्या डब्याची. काळी, गुळगुळीत, पाळण्याच्या कडेसारखी.

तिने हात पुढे केला.

मी काय करणार होते? मला हात नाहीत. माझं एक टोक सॉकेटला आणि दुसरं टेपमध्ये. लाल तारेचं प्लास्टिक आता कागदाएवढं उरलं होतं. आत्ताच फुटेल की उद्या, ते मलाही कळत नव्हतं. फुटलं असतं, तर वाट एकच होती. डब्यातून तिच्या तळहातात, तिच्या छातीतून ओल्या फरशीत.

"आई! हात लावू नको!"

गोकुळ ओरडला. जन्मात कधी न ओरडलेला गोकुळ. दारातून त्याला आधी बाहेर ठेवलेला जोड दिसला आणि मग आईचे पाय. तो धावला आणि त्याने सॉकेटमधून पिन उपटली. नळ्या विझायला लागल्या.

लक्ष्मीबाईचा हात हवेतच राहिला. "कुणावर ओरडतो रे?"

"आई, ती चप्पल..."

"चप्पल घालून पाळणा म्हणू? तुझ्या लेकराचा?"

"मग डब्याला हात नको ना लावू."

"हात धरल्याबिगर मला येत नाय. तुला काय नवं हाय का ते?"

गोकुळ खुर्चीवर बसला.  दीपमालाने हेडफोन काढला आणि त्याच्याकडे बघितलं.

"खरं सांगा. धोका आहे का त्यात?"

गोकुळने हातातली पिन खाली ठेवली.

"उद्या आपलं बाळ रांगेल," ती म्हणाली. "या डब्याला हात लावेल. त्याला कुठली चप्पल घालणार आहात?"

 मग गोकुळने पाना घेतला, डबा उघडला आणि मला कोपऱ्यातून बाहेर काढलं. त्याने टेप सोडवली. वॉशर दोनदा खाली पडलं. पण बोल्ट मात्र त्याने पूर्ण ताकदीने आवळला.

"आता झालं?" दीपमालाने विचारलं.

गोकुळ सॉकेटकडे बघत होता. "ही तार सॉकेटपर्यंत गेली. पुढं काय?"

त्याने बल्बचा होल्डर आणला. एक तार फेजला, म्हणजे वीज येते त्या भोकाला लावली, दुसरी सॉकेटच्या अर्थिंगला. चांगल्या अर्थिंगवर बल्ब लख्ख पेटायला हवा. तो आजारी माणसासारखा पिवळट पेटला. मागच्या जागेतल्या अर्थिंगच्या खड्ड्यातलं मीठ-कोळसा कधीचं कोरडं ठणठणीत पडलं होतं. त्याला पाणी कोण घालतं? माणसांनाच पुरत नाही. मी जोडली गेले होते, पण माझ्यापुढचा रस्ता सुकलेला होता.

गोकुळने मिठाची पिशवी खड्ड्यात रिकामी केली आणि बादली उचलली. लक्ष्मीबाई आडवी आली.

"नळाला पाणी कधी यील त्याचा भरवसा नाय, अन् तू मातीला पाजतो?"

"आई, जमीन ओली असली तरच करंट जमिनीत जातो. नाय तर माणसात जातो."

लक्ष्मीबाईने त्याच्या तोंडाकडे बघितलं. आपल्यावर का ओरडला, ते तिला तेव्हा कळलं असावं. ती न्हाणीत गेली आणि तिच्या कपड्यांच्या धुण्याचं ठेवलेलं पाणी घेऊन आली. "हे घाल. धुणं राहू दे." बादली जड होती. तिने ती कोणाला धरू दिली नाही.

खड्ड्याने आवाज करत पाणी प्यायलं. पुन्हा बल्ब लावला. या वेळी तो लख्ख पेटला.

डबा सुरू केला आणि हेडफोन कानाला लावला. घूंऽऽऽ. गिरणी परत आली होती.

"पाणी पाजून गिरणीच जोरात केली की तू," लक्ष्मीबाई म्हणाली. पण तिच्या आवाजात थट्टा कमी आणि काळजी जास्त होती. दवाखान्याची पिशवी दाराशी भरून ठेवलेली. उन्हं कलायला लागली होती.

गोकुळ पांढऱ्या तारांकडे बघून स्वतःशीच म्हणाला, "सगळं तर बॉडीला अर्थ केलंय. वाळूजला असंच करतो आम्ही."

"अहो, पण ही काय मोटारसायकल आहे का?" दीपमाला म्हणाली. तिने सहज टोमणा मारला होता. तिला त्यातलं काही कळत नव्हतं.

गोकुळ थांबला. त्याने किटचं चित्र पुन्हा बघितलं, मग पांढऱ्या तारा, मग मला. मला वाटतं, पहिल्यांदाच त्याला आमच्या दोघींचं काम वेगळं दिसलं. पांढऱ्या तारांनी आवाज सांभाळायचा. मी माणूस सांभाळायचा. त्याने दोघींना एकाच लोखंडात बांधून टाकलं होतं, आणि आवाज बिघडला म्हणून माणसाच्या तारेला हाकललं होतं.

तो कामाला लागला. एकेक पांढरी तार बोल्टावरून सोडवली आणि सगळ्या एका जागी आणून जोडल्या. त्या जागेपासून डब्यापर्यंत एक छोटा रेझिस्टर लावला, चित्रात होता तसा. म्हणजे वाट राहिली, पण अरुंद. फिरायला मोकळं रान नाही. आवाजाच्या सॉकेटांचं लोखंड डब्याला टेकू नये म्हणून प्लास्टिकची वॉशर हवी होती. ती सापडेनात. दीपमालाने श्रीखंडाच्या डब्याचं झाकण आणून कात्रीने गोल चकत्या कापल्या. एक चकती वाकडी झाली.

"बारशाचं श्रीखंड आत्ताच संपवलं तुम्ही," ती म्हणाली. कोणी हसलं नाही.

मी मनात म्हणत होते, अरे, ट्रान्सफॉर्मरचा पायही एकदा उचलून बघ. लाल तारेकडे बघ. पण त्याला घाई होती, आणि चूक पायाखाली लपलेली होती. त्याने झाकण लावलं. स्क्रू पिळले.

बटण. नळ्या तांबूस झाल्या. हेडफोन.

गोकुळने डोळे मिटले. अगदीच नाहीशी नव्हती झाली गिरणी. पण आता ती दोन गल्ल्या पलीकडे गेली होती. "म्हण, आई," तो म्हणाला.

लक्ष्मीबाई पुढे आली. फरशी वाळली होती, तरी पाय अनवाणीच. "नावाच्या जागी काय म्हणू? नाव कुठं ठरलंय?"

"तिथं नुसता सूर धर."

"धरू ना हात?" तिने डब्याकडे बघून विचारलं.

गोकुळने आधी स्वतःचा तळहात डब्यावर ठेवला. झिणझिण्या नव्हत्या. तो जरा वेळ तसाच उभा राहिला. मग बाजूला झाला. "धर."

तिचा हात डब्यावर आला. खरबरीत, ऊबदार. तिने खाकरून गळा साफ केला. गाठीवरून एकदा बोटं फिरवली आणि सुरू केलं.

*हाती माझ्या दोरी गं, झुलतो पाळणा,*
*दारी आला वारा गं, आत त्याला येऊ ना...*

तो आवाज माईकमधून नळ्यांत आला, आणि मी डब्याच्या लोखंडातून ऐकला. तिच्या हाताचा ठेका डब्यावर पडत होता, पाळणा ढकलल्यासारखा. प्रत्येक ठेक्याला ट्रान्सफॉर्मर किंचित हलत होता. लाल तारेचा कागद आणखी पातळ होत होता. ती गात होती. तिला थांबवता येत नव्हतं, आणि मला तो आवाज थांबायलाही नको होता. दीपमालाने पोटावर हात ठेवला होता. गोकुळ श्वास रोखून पडद्यावरची रेघ बघत होता.

शेवटची ओळ आली. *लेकराचं माझ्या गं, नाव ठेविलं...*

तेवढ्यात कागद फाटला.

लाल तारेतली सगळी वीज डब्यावर उतरली, आणि डब्यावर तिचा हात होता. आणि मी होते. वीज नेहमी सोपी वाट आधी धरते. त्या एका क्षणात माझ्या तांब्यातून काय गेलं ते मी सांगू शकत नाही. नदीच गेली. बोल्टातून माझ्यात, माझ्यातून सॉकेटात, तिथून भिंतीतून मागच्या खड्ड्यात, धुण्याच्या पाण्याने भिजलेल्या त्या मातीत. टक् असा आवाज झाला. फ्यूज उडाला. नळ्या विझल्या. फ्यूज डब्यातला होता, म्हणून लॅपटॉप तेवढा चालू राहिला.

लक्ष्मीबाईने हात झटकला. "मुंगी चावली का काय?" ती तळहात बघत म्हणाली. मग डब्याकडे बघून, "का रं, बंद पडला?"

गोकुळने पिन काढली. झाकण उघडलं. जळकट वास आला. त्याने ट्रान्सफॉर्मर सोडवून उचलला, आणि पायाखालचा काळा डाग त्याला दिसला.  मग त्याने माझ्यावर बोट ठेवलं. मी अजून कोमट होते.

"काय झालं?" आईने विचारलं.

"फ्यूज उडाला."

"माझ्या आवाजानं?"

गोकुळने मान वर केली. त्याचे डोळे भरले होते. "व्हय. तुझ्या आवाजानं."

लक्ष्मीबाई खूश झाली. "बघ! गाठ असून!" असं सुनेला म्हणाली आणि केस बांधत दवाखान्याची पिशवी उचलायला गेली. दीपमालाने नवऱ्याचा चेहरा वाचला.  ती येऊन डब्याशेजारी त्याच्या खांद्याला टेकून बसली.

ऑपरेशन नीट झालं. गाठ साधीच निघाली. आवाज मात्र गेला तो गेलाच. आता लक्ष्मीबाई बोलते तेव्हा वाळूवरून काहीतरी ओढल्यासारखं वाटतं. बारशाला गंगापूरहून बायका आल्या. त्यांना ते ऐकून गलबलून आलं. कोणी पाळणा म्हणायला पुढे होईना.

गोकुळने रेकॉर्डिंग लावलं. खोलीत तिचा जुना आवाज भरला. पाळण्यातली पोर टक लावून ऐकू लागली. आवाज चढत चढत शेवटच्या ओळीवर आला. *लेकराचं माझ्या गं, नाव ठेविलं...* टक्. आणि शांतता.

"अगं बाई, बिघडलं का?" कोणीतरी म्हणालं.

बिघडलं नव्हतं. तिथं तेवढंच होतं. लक्ष्मीबाईचा हात पाळण्याच्या कडेवर होता. ती वाकली आणि त्या वाळूच्या आवाजात, सूर सापडेल तसा धरत, तिने ओळ पुरी केली.

"...मेघा."

आता मी कपाटाखालच्या फळीवर, त्याच डब्यात असते. गोकुळने लाल तार नवी घातली, तिला रबराची नळी चढवली. माझा बोल्ट तो मधूनमधून पान्याने तपासतो. कूलरलाही माझी एक बहीण मिळाली आहे, आणि तिथला चपलांचा जोड गेला. अभय येतो तेव्हा गोकुळ त्याच्या सेटचा विषय काढतो. अभय "बघू रे" म्हणतो. लक्ष्मीबाई भांडी विसळलेलं पाणी रोज मागच्या खड्ड्यात ओतते. "पी बाई," असं त्याला म्हणते. हे कशासाठी, ते तिला कोणी कधी नीट सांगितलेलं नाही. मला वाटतं, तिला ठाऊक आहे.

तुमच्या घरातही एखाद्या कोपऱ्यात माझी एखादी बहीण टेपमध्ये तोंड बांधून पडली असेल. तिला सोडवा. तिला जागेवर आवळा. तिच्या जमिनीला थोडं पाणी द्या. ती तुमच्याकडे दुसरं काही मागणार नाही, आणि आपण काय केलं हेही कधी सांगणार नाही.

मेघा आता रांगते. रांगत रांगत फळीपाशी येते, डब्याला धरून उभी राहते आणि दोन्ही तळव्यांनी त्यावर थापा मारते. तिचे पाय अनवाणी, बरेचदा ओले असतात. आत मी असते. माझ्यातून काही वाहत नाही.

असंच राहू दे.